जुनं कोक मशीन घेताय? रंगाला हात लावण्याआधी या चुका टाळा

जुनं कोक मशीन, म्हणजे नाणं टाकलं की कोकाकोलाची बाटली देणारं यंत्र, घरी आणलेला माणूस पहिल्याच शनिवारी पॉलिश पेपर घेऊन दार घासायला बसतो. लाल रंग उजळला की फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकतो. मग दोनेक महिन्यांनी फोन येतो, "मशीन दिसतंय झकास, पण बाटली काही गार होत नाही हो!" ओहायोत राहून मी गेली काही वर्षं ही मशीनं दुरुस्त करतोय, आणि हा फोन मला नवा नाही. १९५० च्या दशकातलं व्हेंडो किंवा कॅव्हेलियर कंपनीचं मशीन हे मुळात फ्रिज आहे. त्याच्या पोटात नाण्यावर चालणारी यंत्रणा आहे, आणि हे सगळं झाल्यावर तो लाल पत्रा. कामही त्याच क्रमाने करायचं.

पहिली मोठी चूक घेतानाच होते. माझं पहिलं व्हेंडो ८१ मी एका गोठ्यातून उचललं. विकणाऱ्याने प्लग लावून दाखवला, आतला दिवा लागला, पंखा फिरला आणि मी पैसे मोजले. घरी आणल्यावर कळलं की कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता. दिवा आणि पंखा लागला म्हणजे मशीन थंड करतं असं नव्हे. आता मी जाताना ग्लासभर पाणी आणि साधा थर्मामीटर नेतो. मशीन लावायचं, पाणी आत ठेवायचं आणि दोन-तीन तास मालकाशी गप्पा मारायच्या. पारा उतरताना दिसला तरच "चालू" म्हणायचं. मालक थांबायला तयार नसेल, तर बंद मशीनचाच भाव द्यायचा.

दुसरी वस्तू खिशात असावी ती म्हणजे लोहचुंबक, मऊ फडक्यात गुंडाळलेला. तो दाराच्या खालच्या कडेवरून आणि बुचं पडतात त्या डब्याच्या आसपास फिरवा. सांडलेलं गोड पेय आणि दमट हवा यांनी पत्रा खाल्लेला असतो तो नेमका इथेच. चुंबक चिकटायचा थांबला, की रंगाखाली पुट्टी भरलीय समजा. पोचे आलेलं पण सगळे भाग जागेवर असलेलं मशीन मी चकचकीत पण पोकळ मशीनपेक्षा केव्हाही आधी घेईन. लोकप्रिय मॉडेलांची स्टिकरं, दाराची रबरं नवी बनवून मिळतात. नाण्याची मूळ यंत्रणा आणि बाटल्यांचे आतले कप्पे शोधताना मात्र वर्ष जातं.

आणताना मशीन आडवं घालू नका. घालावंच लागलं तर घरी उभं करून एक पूर्ण दिवस तसंच ठेवा, मगच प्लग लावा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली बसू द्यायचं.

आता गॅस. त्या काळातल्या बहुतेक मशीनांत आर-१२ हा थंडावा देणारा गॅस भरलेला असतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९६ पासून बंद आहे, आणि तो मुद्दाम हवेत सोडणं हा गुन्हा आहे. म्हणून नळी कापून "बघू आत काय आहे" हा प्रयोग कुणीही करू नये. परवानाधारक माणसाकडून तो काढून घ्या. बरेचदा गॅसला हात लावायची गरजही नसते. कॉम्प्रेसर घूं करून टक्कन बंद पडत असेल, तर आधी त्याचा रिले, म्हणजे त्याला सुरू करणारा विजेचा स्विच, तपासा. मशीन चालतंय पण गार होत नाही, तर मागच्या जाळीत साठलेली धूळ ब्रशने काढा. आत बर्फाचा थर चढत असेल, तर दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, सहज निघाली की तिथून हवा शिरतेय.

वायरिंगच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. कापडी आवरणाची वायर बोटात धरली की भुगा होतो, आणि मूळ प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगच नाही. संपूर्ण लोखंडी अंग, आत ओल आणि समोर अनवाणी उभं पोर. तीन पिनांची नवी वायर घाला आणि अर्थ थेट पत्र्याला जोडा. मूळपण जपायचं तर ते दुसरीकडे जपा.

माझा जीव सगळ्यात जास्त रमतो तो नाण्याच्या यंत्रणेत. कोक १८८६ पासून १९५० च्या दशकापर्यंत पाच सेंटला मिळायचं (आधी ग्लासात, पुढे बाटलीत), आणि यंत्र एकच नाणं ओळखायचं. त्यामुळे भाव वाढवायचा तर एकदम दुप्पट, दहा सेंट. म्हणून कंपनीने १९५३ मध्ये सरकारकडे चक्क साडेसात सेंटचं नाणं मागितलं होतं. ते काही मिळालं नाही. नाणं आत पडलं की त्याचा व्यास आणि वजन जोखलं जातं, आणि लोखंडी चकती टाकणाऱ्यासाठी वाटेत चुंबक बसवलेला असतो. पाच सेंटचं नाणं पाच ग्रॅमचं, तांबं आणि निकेलचं, चुंबकाला न चिकटणारं. आपला हल्लीचा स्टीलचा रुपया दिसायला जवळपास तेवढाच, पण तो चुंबकाला चिकटतो. म्हणून चाचणी रुपयाने करू नका.

नाणं अडकलं की लोक तेलाचा फवारा मारतात. दोन दिवस ते पळतं, मग तेलावर धूळ बसून काळा चिकटा होतो आणि नाणं जोखणारी, हळूच हलणारी पाळणी जागच्या जागी चिकटून बसते. ती यंत्रणा बाहेर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा. नाण्याच्या वाटेवर तेलाचा थेंबही नको.

बाटलीही तपासा. मूळची साडेसहा औंसांची, म्हणजे जेमतेम १९२ मिलीची. आज मिळणारी मेक्सिकन काचेची बाटली ३५५ मिलीची आहे. प्रत्येक कप्पा तिला जागा देत नाही, आणि जबरदस्ती केली की आतली पट्टी वाकते. चाचणी भरलेल्या बाटलीनेच करा, कारण बरीच यंत्रणा बाटलीच्या वजनावर सरकते.

आणि मग रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं घासा आणि चांगला मास्क लावा. वाळूचा मारा पातळ पत्र्याला लाटा आणतो, दारावरची उठावाची अक्षरंही बोथट होतात. खाण्याच्या सोड्याचा मारा त्याहून खूप सौम्य. मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर नुसतं धुवून मेण लावा. तो रंग परत कुणी देऊ शकत नाही.

पुण्या-कोल्हापूरला मशीन न्यायची स्वप्नं बघणारे दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी एवढंच : इथली वीज साधारण १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडच्या ५० हर्ट्झवर जुना कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि तापतो. तो इथेच ठेवा, तिकडे २३० व्होल्टचा नवा बसवून घ्या, आणि जुना खोक्यात जपून ठेवा.