अर्थकारण वाचायला शिकताना: आधी मूळ कागद, मग मतं

व्यवसाय आणि अर्थशास्त्र वाचायला सुरुवात करणारी मुलं बहुतेक वेळा एकच विचारतात: कोणाला वाचू? माझं उत्तर त्यांना रुक्ष वाटतं. माणसं नंतर निवडा, आधी कागद वाचा. कंपनीचा वार्षिक अहवाल, मध्यवर्ती बँकेचं पतधोरणाचं निवेदन, सांख्यिकी खात्याचं प्रसिद्धीपत्रक. हे बहुतेक सगळं फुकट मिळतं आणि मतं मांडणारी मंडळीही त्यातूनच मतं बनवतात. आर्थिक विश्लेषणाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझी खात्री झाली आहे की मूळ कागद वाचलेला नवखा माणूस, तो न वाचलेल्या जाणकारासमोर ठामपणे बोलू शकतो.

एक उदाहरण मी सगळ्यांना करून दाखवतो. जुलै २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या दुसऱ्या तिमाहीच्या जीडीपीचा पहिला अंदाज आला: ३२.९ टक्के घट. तीन महिन्यांत एक तृतीयांश अर्थव्यवस्था गेली, असं वाटावं असा आकडा. पण प्रसिद्धीपत्रकाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं की ही घट ‘वार्षिक दराने’ आहे. म्हणजे त्या तिमाहीतली घसरण त्याच वेगाने वर्षभर चालली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब. आधीच्या तिमाहीच्या तुलनेत प्रत्यक्ष घट साधारण ९.५ टक्के होती. कॅल्क्युलेटर घ्या, ०.९०५ हा आकडा चार वेळा मांडून गुणाकार करा. उत्तर ०.६७ च्या आसपास येईल. १ मधून ते वजा केलं की ३२.९ टक्के कुठून आले ते दिसतं. अनेक देश आपली तिमाही आकडेवारी असं वार्षिकीकरण न करता देतात. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते कसे मोजलेत हे पाहावंच लागतं. शिवाय हा पहिला अंदाज होता आणि असे अंदाज पुढे सुधारले जातात.

महागाईचंही तसंच. दर १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असं नाही. १०० ची वस्तू ११० झाली आणि पुढच्या वर्षी ११५.५० झाली, एवढाच त्याचा अर्थ. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर ती वाढ एका टक्केबिंदूची, पण प्रमाणात २५ टक्क्यांची. हे एकदा पक्कं झालं की अर्ध्याअधिक बातम्या सरळ वाचता येतात.

कंपन्यांचे अहवाल मी मागून वाचतो. पुढच्या पानांवर अध्यक्षांचं मनोगत, रंगीत आलेख आणि आशावाद असतो. खरी माहिती आर्थिक पत्रकांखालच्या टिपांमध्ये असते. मागच्या पानांवर आधी लेखापरीक्षकाचा अभिप्राय, मग रोख प्रवाह पत्रक, मग टिपांमधले संबंधित पक्षांशी, म्हणजे कंपनीच्याच प्रवर्तकांशी, अधिकाऱ्यांशी किंवा त्यांच्या संस्थांशी झालेले व्यवहार, या क्रमाने जा. नफा दरवर्षी वाढतोय, पण कामकाजातून हाती येणारी रोकड वाढत नाही आणि येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, मात्र फुगत चालली आहेत, असं दिसलं तर थांबायचं. माल विकला गेला असं लिहिलंय, पैसे आलेले नाहीत.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा २००० सालचा महसूल १०० अब्ज डॉलरच्या वर दाखवलेला होता. डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या भागीदारी संस्थांशी तिचे गुंतागुंतीचे व्यवहार चालले होते, त्यांची सूत्रं कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आहेत, ही गोष्ट अहवालातल्या टिपांमध्ये छापलेली होती. भाषा इतकी क्लिष्ट की वाचणारा कंटाळून पुढे जावा. जेम्स चॅनोस या गुंतवणूकदाराने प्रसिद्ध कागदपत्रंच वाचली. भांडवलावरचा परतावा जेमतेम ७ टक्के आहे आणि हे व्यवहार काही केल्या उलगडत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने २००० सालीच शेअर पडेल या बाजूने सौदे केले. म्हणून टीप दोनदा वाचूनही कळली नाही तर दोष आपल्या बुद्धीचा आहे असं लगेच मानू नका. न कळणं हीसुद्धा नोंदवून ठेवण्यासारखी माहिती आहे.

मध्यवर्ती बँकेची निवेदनं एकेकटी वाचली तर सपक लागतात. मागचं आणि आत्ताचं निवेदन शेजारी ठेवा आणि काय गळलं, काय नवं आलं ते पाहा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या निवेदनांत महागाई बरीचशी तात्पुरत्या कारणांमुळे आहे, अशी मांडणी होती. डिसेंबरच्या निवेदनातून ती गेली आणि मार्च २०२२ मध्ये व्याजदरवाढ सुरू झाली. नोकरीच्या मुलाखतीत धोरणावर विचारलं तर असं दोन निवेदनांतलं अंतर सांगणारा उमेदवार लगेच वेगळा उठून दिसतो, हे मी मुलाखती घेताना पाहिलं आहे.

आता माणसांकडे येऊ. भाष्यकार निवडताना मी त्याचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं लेखन आधी वाचतो. तेव्हाचे अंदाज काय होते, चुकले तेव्हा त्याने उघडपणे सांगितलं का, आणि तो काही विकतो आहे का? शेअरची शिफारस करणाऱ्याकडे तो शेअर असेल, तर ते वाचकाला कळलंच पाहिजे. एकमेकांशी न पटणारे दोघे जण सोबत वाचा; त्यांचा वाद आकड्यांवर आहे की कशाला महत्त्व द्यायचं यावर, हे ओळखता येऊ लागलं की विषय हातात यायला लागतो. यशोगाथांवर मात्र फार वेळ घालवू नका. तीच युक्ती वापरून बुडालेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

अर्थशास्त्राचे मूळ निबंध गणितामुळे अवघड असतात, अशी भीती असते. अनेक आहेतही. पण अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांच्या १९३७ च्या निबंधात समीकरणं जवळपास नाहीतच. त्यांचा प्रश्न साधा होता: बाजारात सगळं विकत मिळत असेल तर कंपन्या मुळात असतात कशाला? उत्तर असं की बाजार वापरायलाही खर्च येतो. किंमत शोधा, घासाघीस करा, करार करा. हे सगळं आत करणं जिथे स्वस्त पडतं तिथपर्यंत कंपनी वाढते. या कामाचाही उल्लेख असलेलं नोबेल पारितोषिक त्यांना १९९१ मध्ये मिळालं. आता एखाद्या कंपनीने आपला पुरवठादारच विकत घेतल्याची बातमी वाचाल, तेव्हा अहवाल उघडून बघा: करार करण्यातला कोणता खर्च वाचणार आहे असं ती सांगते, आणि त्यासाठी किती कर्ज काढते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टिपांमध्ये सापडेल.