वेब डेस्कवरून पुन्हा दैनिकाच्या बातमीदारीकडे

संकेतस्थळाच्या डेस्कवर काही वर्षे काढल्यानंतर दैनिकाच्या बातमीदारीत परतू पाहणाऱ्या पत्रकाराने राजीनाम्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. अशा उमेदवाराच्या टंकलेखनाच्या वेगाशी संपादकाला फारसे कर्तव्य नसते. रात्री साडेनऊ वाजता पोलीस निरीक्षक किंवा महापालिकेतील उपअभियंता या उमेदवाराचा फोन उचलेल काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. तेव्हा नोकरीत असतानाच एक बीट, म्हणजे पोलीस, महापालिका किंवा न्यायालय असे बातमीदारीचे एक क्षेत्र, निवडावे आणि साप्ताहिक सुटीचा अर्धा दिवस तरी त्या कार्यालयांत घालवावा. सुरुवातीला बातमी मागू नये. शिपाई, आवक-जावक विभागातील लिपिक आणि न्यायालयातील कर्मचारी यांची ओळख ही अधिकाऱ्याच्या ओळखीपेक्षा अधिक टिकाऊ असते, कारण अधिकाऱ्याची बदली होते.

मुलाखतीत दाखवायच्या कात्रणांत वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून बेतलेल्या बातम्यांना काडीची किंमत नसते, मग त्यांना कितीही वाचक मिळालेले असोत. सध्याच्या संस्थेच्या करारात अन्यत्र लिहिण्यास मनाई असेल, तर स्वतः मिळवलेली बातमी आपल्याच संकेतस्थळाला नावानिशी द्यावी. माहिती अधिकाराचा अर्ज येथे उपयोगी पडतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवसांची, आणि उत्तर टाळले गेल्यास प्रथम अपिलाची तयारी, हे सारे धरून किमान तीन महिने आधी अर्ज टाकलेला बरा.

गुन्हे वार्तांकनाकडे परतणाऱ्याने विशेष सावध राहावे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून खुनाचे जुने कलम 302 आता 103 झाले आहे, तर फसवणुकीचे 420 हे 318 मध्ये गेले आहे. खरा चकवा मात्र प्रक्रियेच्या कायद्यात आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 खाली प्रथम खबर (एफआयआर) नोंदवली जात असे आणि 173 खाली तपासाचा अंतिम अहवाल, म्हणजे दोषारोपपत्र, दाखल होत असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 173 हेच प्रथम खबरेचे कलम आहे आणि दोषारोपपत्र 193 मध्ये गेले आहे. जुन्या सवयीने वाचणारा बातमीदार नुकत्याच नोंदलेल्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झाल्याचे छापून मोकळा होईल.

लेखनाची सवय मोडणे हे याहून चिवट काम आहे. वेबवर ‘पुणेकरांनो, ‘या’ भागात गुरुवारी पाणी नाही’ असे लिहून वाचकाला खाली ओढले जाते. छापील बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, असा हवा: ‘पर्वती जलकेंद्रातील दुरुस्तीच्या कामामुळे शहराच्या मध्यवर्ती भागात गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहणार असून, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.’ ऐनवेळी जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो, त्यामुळे शेवटासाठी राखून ठेवलेली माहिती पानावर पोहोचतच नाही. सरावासाठी आपल्याच जुन्या वेब बातम्या घ्याव्यात, त्या दोनशे शब्दांत बसवाव्यात आणि शेवटचे दोन परिच्छेद झाकून उरलेली बातमी पूर्ण वाटते का, हे पाहावे. संकेतस्थळावरील चुकीचे आडनाव मिनिटभरात बदलता येते. छापलेल्या आडनावाची दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच येते आणि ती बहुधा कोणी वाचत नाही, म्हणून नावे, वये व रकमा पाठवण्यापूर्वी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. गाड्यांना दूर जायचे असल्याने ग्रामीण आवृत्तीची पाने शहर आवृत्तीच्या बरीच आधी सुटतात, हेही वेळापत्रकात धरावे लागते.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर प्रथम ते कोणत्या कंपनीच्या नावे आहे, हे पाहावे; अनेक समूहांत वृत्तपत्र आणि डिजिटल विभाग स्वतंत्र कंपन्यांकडे असतात. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठीच्या मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू असल्याचे 2017 मध्ये स्पष्ट केले. तरीही पदनाम, बीट आणि प्रवासभत्ता लेखी घ्यावाच, कारण तोंडी आश्वासन देणारा संपादकही बदलतो. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता जुन्याच यूएएन (निधी खात्याच्या कायमस्वरूपी) क्रमांकावर वर्ग करावा. अधिस्वीकृतीपत्रिका (पत्रकाराचे शासकीय ओळखपत्र) असल्यास संस्था बदलल्याची नोंद जिल्हा माहिती कार्यालयात करून पुढील कागदपत्रांची चौकशी तेथेच करावी.

एक प्रश्न मात्र सही करण्यापूर्वी विचारून घ्यावा, तो म्हणजे मिळालेली खास बातमी आधी पानावर जाणार की संकेतस्थळावर. अनेक दैनिकांत आज बातमीदाराला दोन्हींकडे मजकूर द्यावा लागतो. संध्याकाळी पाच वाजता मिळालेली बातमी पानासाठी राखून ठेवण्याची मुभा नसेल, तर पगारात घट होत असल्यास ती सोसून तेथे जाण्याआधी दुसऱ्या दैनिकातही विचारणा करावी.