वयाची अट दारावर की काउंटरवर? अठरा वर्षांखालील श्रोत्यांना लाइव्ह संगीताच्या जागेत प्रवेश देण्याची पद्धत

पुण्यामुंबईत स्वतःची गाणी रचून वाजवणारे बँड आज ज्या जागांमध्ये वाजवतात, त्यांतल्या बहुतेक जागा मुळात बार किंवा रेस्टॉरंट असतात. जागेचे भाडे, साउंड इंजिनिअरचे पैसे आणि बँडचे मानधन हे सगळे बारच्या गल्ल्यातून निघते, आणि म्हणूनच तिकिटावर ‘फक्त २१ वर्षांवरील’ ही ओळ येते. त्यामुळे नववी-दहावीत गिटार शिकणाऱ्या मुलीला आपल्याच शहरातला बँड मोबाइलवरच ऐकावा लागतो, आणि सतरा वर्षांच्या ड्रमरला स्वतःच्या बँडच्या कार्यक्रमालाही दारावर अडवले जाते. हे बदलायला हवे आणि ते कायद्याच्या चौकटीत राहून बदलता येते, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन अशी जागा चालवणाऱ्यांसाठी आणि तेथे कार्यक्रम ठरवणाऱ्या आयोजकांसाठी आहे.

आपल्याकडे संगीताला वयाची अट कधीच नव्हती. कीर्तनाला, भजनाला, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना मुले आईवडिलांबरोबर जात आली आहेत. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी रात्रभर मैफल चाले, तेव्हाही भारतीय बैठकीत आईच्या मांडीवर झोपलेली मुले दिसत, आणि त्यांतलीच काही पुढे जाणकार श्रोते झाली. अट आली ती मद्यामुळे. तेव्हा आयोजकाने पहिल्यांदा हे मनाशी स्पष्ट करावे, की वयाची मर्यादा ग्लासाला आहे, गाण्याला नाही. पुढची सगळी व्यवस्था या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यासाठीच करायची असते.

परवाना आधी वाचावा

महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाईनसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून गंभीर तरतूद बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ मध्ये आहे: अठरा वर्षांखालील मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याआधी दोन ठिकाणी मद्य मिळाले होते, असे तपासात पुढे आले आणि त्या जागांवर कारवाई झाली. त्यानंतर अल्पवयीन श्रोत्याचे नाव काढले तरी जागामालक सावध होतात, आणि त्यांची भीती अनाठायी आहे असे कोणीही म्हणू नये. मात्र त्या रात्रीची चूक मुलांना आत घेण्यापुरती नव्हती, त्यांना मद्य देण्याची होती. एवढा फरक ध्यानात ठेवला, तर उपायही नेमका सापडतो.

म्हणून पहिले काम असे, की आपल्या मद्य परवान्याच्या अटी आणि त्याला जोडलेला जागेचा मंजूर नकाशा काढून वाचावा. मद्य देण्यासाठी नेमका कोणता भाग दाखवला आहे, मंच त्या भागात येतो की बाहेर, आणि मंचाकडे जाण्यासाठी त्या भागातून जावे लागते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्याकडे साध्या हॉटेलातही परमिट रूम आणि फॅमिली सेक्शन वेगळे असतात. त्यामुळे एकाच छपराखाली दोन प्रकारचे ग्राहक ही कल्पना अधिकाऱ्यांना नवी नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या आपल्या भागातील कार्यालयाला तारीख, वेळ, अपेक्षित वयोगट आणि मद्यविक्रीची व्यवस्था कळवणारे पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे. तोंडी होकारावर कार्यक्रम जाहीर करू नये, कारण कारवाईच्या वेळी तो होकार कोणालाही आठवत नाही. पोलिसांकडून घ्यायच्या कार्यक्रम परवानगीच्या अर्जातही अल्पवयीन श्रोते येणार असल्याचे स्पष्ट लिहावे.

कोणत्या प्रकारचा कार्यक्रम, हे जागा पाहून ठरवावे

जागा लहान असेल आणि बार काउंटर मंचाला लागूनच असेल, तर मिश्र वयाचा कार्यक्रम करूच नये. तेथे पूर्ण मद्यविरहित कार्यक्रम करावा. काउंटर बंद, बाटल्या कुलपात, फडताळावर पडदा, आणि तिकिटावर ‘या कार्यक्रमात मद्य मिळणार नाही’ असे ठळक अक्षरांत. अशा कार्यक्रमासाठी शनिवार-रविवारची दुपारची वेळ सर्वात सोयीची, कारण तेव्हा बारचा धंदा तसाही थंड असतो: चार वाजता दार उघडावे, साडेसातला शेवटचे गाणे व्हावे आणि नऊनंतर तीच जागा नेहमीच्या ग्राहकांसाठी खुली करावी. यापेक्षाही सोपी संधी ड्राय डेची असते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी काउंटर बंदच असते, सुट्टी असते, आणि अनेक मालक त्या दिवशी जागा स्वस्तात द्यायला तयार होतात. सर्व वयोगटांसाठीचा पहिला कार्यक्रम अशाच दिवशी करून पाहावा, असा माझा सल्ला आहे.

मद्य मुळात ठेवायचेच नाही, हा मार्ग धरूनही एखादी जागा वर्षानुवर्षे टिकू शकते. अमेरिकेत बर्कली येथे ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावरची जागा १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झाली ती याच अटीवर. तेथे मद्य नाही, वयाची अट नाही आणि काम स्वयंसेवक करतात. याउलट सिॲटल शहराने १९८५ मध्ये किशोरांच्या नृत्य कार्यक्रमांसाठी इतक्या महागड्या विम्याच्या आणि सुरक्षेच्या अटी घातल्या, की आयोजकांनी असे कार्यक्रम घेणेच जवळपास सोडून दिले. तो नियम २००२ मध्ये रद्द करावा लागला. मुलांचे संरक्षण करायचे म्हणून मुलांसाठीचे कार्यक्रमच बंद पाडले, तर मुले कोणाचेही लक्ष नसलेल्या ठिकाणी जमतात, हे आपल्या शहरांतही नाकारता येणार नाही.

जागा मोठी असेल, बार वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या मजल्यावर असेल, तरच मिश्र कार्यक्रमाचा विचार करावा. तेव्हा ग्लास बारच्या कठड्याबाहेर न नेण्याचा नियम सर्वांना लागू करावा, प्रौढांनाही. मंचासमोरच्या गर्दीत एकाच्या हातातला ग्लास दुसऱ्याच्या हातात जायला क्षणही लागत नाही, आणि तेथे उभा असलेला बाऊन्सर ते पाहू शकत नाही.

दारावरची व्यवस्था

महाराष्ट्रात मद्यासाठी दोन वयोमर्यादा असल्याने मिश्र कार्यक्रमात रिस्टबँड तीन रंगांचे लागतात: एकवीस वर्षांखालील, एकवीस ते पंचवीस, आणि पंचवीसच्या पुढील. कागदी रिस्टबँड घामाने सैल होऊन अख्खे निघतात आणि दुसऱ्याच्या हातावर चिकटवता येतात. म्हणून एकदा बसवल्यावर कापल्याशिवाय न निघणारे, खटक्याचे प्लास्टिकचे बँड घ्यावेत, आणि बांधताना बँड व मनगट यांच्यात जेमतेम एक बोट जाईल एवढीच जागा ठेवावी. ते काम श्रोत्याच्या हाती न देता दारावरच्या माणसाने स्वतः करावे. काउंटरवरचा प्रकाश इतका हवा, की निळा आणि हिरवा यांतला फरक ओळखू येईल. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मंद निळ्या दिव्यांखाली रंगांची सगळी व्यवस्था कोलमडते.

पैसे कमी असतील, तर जुना उपायही चालतो. १९८० मध्ये वॉशिंग्टन डी.सी.चा टीन आयडल्स हा कोवळ्या मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये वाजवायला गेला. मद्य मिळण्याच्या वयाचे नसल्याने त्या मुलांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली काढून त्यांना आत घेण्यात आले. परतल्यावर त्यांनी आपल्या शहरातल्या क्लबांना हाच उपाय सुचवला, आणि तेथील तरुण श्रोत्यांसाठी दारे उघडली. जाड मार्करची फुली पुसायला वेळ लागतो आणि बारमनला दुरूनही दिसते.

वय तपासताना कॉलेजचे ओळखपत्र पुरेसे मानू नये, कारण त्यावर पुष्कळदा जन्मतारीख नसते. आधार, पासपोर्ट किंवा डिजिलॉकरमधील कागद पाहावा. त्याचा फोटो काढू नये आणि क्रमांक लिहून घेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे कमीत कमी माहिती घेणे हेच शहाणपणाचे. सोळा वर्षांखालील मुलांना पालकांसोबतच प्रवेश द्यावा, आणि एका प्रौढामागे दोनपेक्षा जास्त मुले नसावीत. सोळा-सतरा वर्षांच्यांना पालकांच्या सहीचे संमतिपत्र आणि त्यांचा चालू फोन क्रमांक यांवर प्रवेश द्यायला हरकत नाही. मात्र तिकीट देतानाच त्या क्रमांकावर एकदा फोन करून खात्री करावी. दारावर आणि स्वच्छतागृहांजवळ किमान एक महिला कर्मचारी असावी, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक तेथे लावलेला असावा.

आवाज

या एका बाबतीत मी सर्वात आग्रही आहे, कारण मद्याची चिंता सगळे करतात आणि कानांची फार थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी काढलेल्या मानकात सरासरी आवाज पंधरा मिनिटांच्या मापनात १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित हिशोबाप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास आणि १०० डेसिबल केवळ पंधरा मिनिटे सुरक्षित मानतात, म्हणजे १०० ही काही आरामाची पातळी नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा ठाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने कानांच्या संरक्षणाशिवाय मुलांना प्रवेश न देण्याची सूचना आयोजकांना केली होती. ही सूचना स्टेडियमपुरती नाही. बंद, कमी उंचीच्या छताच्या खोलीत ती अधिकच लागू पडते.

साउंडचेकच्या वेळीच मुले जेथे उभी राहणार तेथे मीटर धरून मोजमाप घ्यावे आणि साउंड इंजिनिअरला मर्यादा आकड्यात सांगावी. मुले असतील तर ९५ च्या वर जाऊच नये, असे माझे मत आहे. लहान खोलीत गिटारचे ॲम्प आणि ड्रमच्या झांजा माइकशिवायही कानाला लागतात, म्हणून ॲम्प श्रोत्यांच्या कानांच्या रोखाने न ठेवता तिरके ठेवावेत आणि ड्रमरला हलक्या काड्या वापरायला सांगावे. स्पीकरच्या समोर दोन-तीन मीटरची जागा दोरी लावून मोकळी ठेवावी. दारावर फोमचे इअरप्लग ठेवावेत आणि ते कसे घालायचे ते दाखवावे: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर व मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला प्लग फारसे काही अडवत नाही. लहान मुलांच्या कानांत हे प्लग नीट बसत नाहीत, त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे इअरमफ हवेत. शिवाय गोंगाटापासून दूर एखादी शांत खोली द्यावी.

पैशांचा हिशोब

मद्याची विक्री नसेल तर तूट येते, हे मान्य करूनच तिकिटाची किंमत ठरवावी. पबमधला कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली रक्कम, बहुधा मद्यावरच वळता होतो. अल्पवयीन श्रोत्यांकडून तसा घेणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी तो खाण्यापिण्यावर वळता करावा किंवा थेट कमी दराचे तिकीट ठेवावे. बँडशी ठरलेले मानधन आणि तिकिटातला हिस्सा यांपैकी दुसरा मार्ग अशा कार्यक्रमांना अधिक परवडतो, आणि मुले ज्यांचे टी-शर्ट विकत घेतात असे बँड तो आनंदाने स्वीकारतात.

कलाकारच अल्पवयीन असेल तर

चौदा वर्षांखालील मुलाने मंचावर वाजवायचे असेल, तर बालकामगारविषयक नियम लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. चौदा ते अठरा वयाच्या वादकासोबत पालक असावेत, आणि मधल्या वेळेत त्याची बसण्याची जागा बारपासून दूर, मंचामागे असावी.

घरी जाणे, आणि नियम मोडला गेला तर

कार्यक्रम संपण्याची वेळ तिकिटावर छापावी आणि ती पाळावी, कारण पालक त्या वेळेवर विसंबून बाहेर उभे असतात. पालकांसाठी फाटकाजवळ, सिगारेट ओढणाऱ्यांच्या घोळक्यापासून दूर, घ्यायला येण्याची जागा ठरवून द्यावी. दुचाकीवर एकटे आलेले अल्पवयीन मूल पार्किंगमध्येच थांबवून घरी फोन करावा. परवाना नसलेल्या मुलाला रात्री रस्त्यावर सोडण्याची जबाबदारी आयोजकाने घेऊ नये.

एखाद्या मुलाच्या हातात ग्लास सापडलाच, तर त्याला चारचौघांत दरडावून बाहेर काढू नये. ग्लास काढून घ्यावा, मुलाला शांत खोलीत बसवून पालकांना बोलवावे, ते येईपर्यंत एक कर्मचारी तेथेच ठेवावा, आणि ग्लास पुरवणाऱ्या प्रौढाला मात्र तत्काळ बाहेर काढून घटनेची वेळ, काउंटर आणि त्या वेळी तेथे असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव रजिस्टरमध्ये लिहावे. एकाच काउंटरवरून असे दुसऱ्यांदा घडले, तर त्या संध्याकाळपुरते ते काउंटर बंद करावे आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवावा.