नाशिकला गेल्यावर लिस्टच्या तळातली व्हाइट वाइन कशी शोधायची

नाशिकला वाइन टूर म्हणजे बहुतेकांचं ठरलेलं, शनिवारी दुपारी गंगापूर रोड, रांग, फोटो, आणि घाईघाईत जे ग्लासात पडेल ते पिऊन 'व्हाइट म्हणजे आंबट पाणी' असं म्हणत परत. मीपण वर्षानुवर्षं तेच म्हणायचो.

तर पहिलं, जमलं तर मधल्या वारी सकाळी 11 च्या आसपास जा. तोंडाला चव असते आणि काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. सीझन जानेवारी ते मार्च, कारण आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि माल थंडीत तयार होतो. बागेत कोणी असेल तर विचारून वाइनचं एक द्राक्ष खाऊन बघा, बारकं, जाड सालीचं, बियांचं, आपल्या खायच्या थॉमसन द्राक्षाच्या मानाने भलतंच गोड.

आता टेस्टिंग. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन व्हाइट बहुतेक ठिकाणी असतातच, सुला वायनरीने 2000 साली पहिल्या वाइन काढल्या त्याही याच दोन. या दोन्ही आधी घ्या, जीभ सेट होते. मग सरळ विचारा, "दादा, व्हाइटमध्ये अजून काय आहे?" बस, सगळी युक्ती या प्रश्नात आहे. मी इगतपुरीकडे सांजेगावच्या वायनरीत खरं तर रेडसाठी गेलो होतो, मुकणे धरणाचं बॅकवॉटर बघत बसलेलो, आणि सहज विचारलं तर समोर आली व्हिऑनिये. फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातली ही जात, 1960 च्या दशकात तिकडे जवळजवळ संपत आली होती म्हणे, आणि इथे आपल्या घोटीजवळ! वास घेतला तर पिकलेलं जर्दाळू आणि कसलीतरी फुलं, मला वाटलं आता सरबतासारखी गोड लागणार, आणि घोट घेतला तर साखर नाहीच, कोरडी, पण जिभेवर तुपासारखी जाड. दोनदा वास घेऊन परत प्यायलो, खरंच तीच वाइन आहे ना म्हणून.

एक मात्र आहे, फ्रीजमधून काढलेली गारढोण व्हाइट वासच देत नाही. ग्लासचा पेला तळहातात धरून 5 मिनिटं थांबा. लोक हसतील, हसू द्या.

निफाडकडे जाणार असाल तर कुंदेवाडीला रेव्हेलो वायनरीची ग्रिलो विचारा, सिसिलीचं पांढरं द्राक्ष ते, कांद्याच्या गावात.

खायचं म्हणाल तर व्हिऑनियेसोबत झणझणीत मिसळ नको, अल्कोहोलने तिखट अजून चढतं, त्याला किंचित गोडसर शेनिन बरी. आणि गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकायचं, त्यासाठी भांडं मागितलं तर देतात, लाजू नका.

बाटली घेतली तर डिकीत टाकू नका. मी मार्चच्या उन्हात 4 तास ठेवली, घरी उघडली तर जर्दाळू गायब, नुसता उकडलेल्या सफरचंदाचा वास. आता थर्माकोलचा डबा आणि बर्फाची पिशवी घेऊनच निघतो.