मे महिन्यातला अभ्यासवर्ग: कन्याशाळेत दहावीत जाणाऱ्या मुलींसाठी तो कसा चालवावा

नववीतून दहावीत गेलेल्या मुलींसाठी सुट्टीत वर्ग घ्यायचा ठरला की शिक्षकखोलीत पहिली सूचना हमखास हीच येते: दहावीचे दोन-तीन धडे आत्ताच उरकून टाकू, म्हणजे दिवाळीच्या आत पोर्शन संपेल. ही सूचना मानू नका. सुट्टीतल्या वर्गाला सगळ्या मुली येत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये तेच धडे पहिल्यापासून शिकवावे लागतात. ज्यांचं नववीचंच कच्चं आहे, त्यांच्या हाती दोन्ही वेळा काही लागत नाही. उन्हाळी वर्गाने एकच काम करावं: सहावी ते नववीत जे राहून गेलं, त्यातलं दहावीला नडणारं तेवढं निवडून पक्कं करावं.

नडणारं म्हणजे काय, ते राज्य मंडळाच्या गुणविभागणीवरून कळतं. बीजगणित ४० गुण, भूमिती ४०, अंतर्गत २०. विज्ञानाचे दोन भाग प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकाचे २०. ४० गुणांच्या पेपरला दोन तास. कंस सोडवायला अडखळणारी मुलगी रेषीय समीकरणात अडते, वर्गसमीकरणात अडते आणि श्रेढीतही अडते, म्हणजे एकाच उणिवेपायी तीन प्रकरणांचे गुण जातात. इतिहास-भूगोलाचं तसं नाही. ते वर्षभरात भरून निघतं. तेव्हा या वर्गात गणित, विज्ञान आणि थोडं इंग्रजी एवढंच घ्या. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांना वाईट वाटेल, वाटू द्या.

दिवस, वेळ, माणसं

अठरा दिवस पुरतात: तीन आठवडे, रविवार सुट्टी. निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू करा आणि २५ मेच्या आत संपवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात अर्धा वर्ग आजोळी गेलेला असतो. तारखा ठरवण्याआधी एप्रिलमधल्या पालकसभेत आयांना विचारा. मे म्हणजे लग्नसराई, शिवाय घरोघरी कुरडया-पापड-सांडग्यांचा घाणा याच दिवसांत चालतो आणि त्यात मोठ्या मुलीचे हात लागतात. तारखा ठरवताना आईला विचारलं असेल, तर ती मुलीला सकाळचे तीन तास मोकळे करून देते. नुसती चिठ्ठी पाठवली तर नाही देत.

वेळ सकाळी ७ ते १०. विदर्भ-मराठवाड्यात याहून उशिरा सोडणं धोक्याचं आहे, कारण मुलींना चालत किंवा सायकलवर घरी जायचं असतं. उष्णतेच्या लाटेत वर्ग बंद ठेवण्याचा जिल्हा प्रशासनाचा आदेश आला तर तो उन्हाळी वर्गालाही लागू आहे असंच समजा आणि तीन दिवस राखीव धरा.

वेळापत्रक चाळीस मुलींचं धरलं आहे. मुलींचे वीस-वीसचे दोन गट करा. ७ ते ८:१० दोन्ही गटांना वेगवेगळ्या खोल्यांत गणित, त्यासाठी दोन शिक्षक लागतात. मग वीस मिनिटं खाणं. ८:३० ते ९:१५ एका गटाला विज्ञान, दुसऱ्याला इंग्रजी. ९:१५ ते १० उलट. म्हणजे चार शिक्षक, एक सेविका, आणि जमल्यास पदवीचं शिकणाऱ्या दोन माजी विद्यार्थिनी. माजी विद्यार्थिनींना शिकवायला लावू नका. बाकावर शेजारी बसून मुलीची वही बघायची, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्या शिक्षकांपेक्षा चांगलं करतात. मुली बाईंना जे विचारायला लाजतात, ते ताईला विचारतात.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमात स्पष्ट आहे. म्हणून वर्ग शाळेच्या नावाने, संस्थेच्या ठरावाने आणि मुलींकडून फी न घेता चालवा. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना आधीच पाठवा. शिक्षकांची नावं ठरवताना प्रत्येक विषयाला एक राखीव नाव ठेवा, कारण सुट्टीत कुणाचं कधी निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला बोलावणं येईल ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी चाचणी, गुण न देता

वीस उदाहरणं, चाळीस मिनिटं. अपूर्णांकांची चार, चिन्हांची आणि कंसांची चार, एका चलातल्या समीकरणांची चार, अवयवांची तीन, कोन आणि त्रिकोणाची तीन, शेकडेवारी-गुणोत्तराची दोन. सगळी सहावी ते नववीच्या पुस्तकांतल्या पातळीची. कच्चं काम त्याच कागदावर करायला सांगा. वेगळ्या कागदावर केलं तर चूक कुठे झाली ते दिसत नाही आणि चाचणीचा उपयोगच संपतो.

तपासताना बरोबर-चूक एवढ्यावर थांबू नका. मोठ्या कागदावर उभ्या रकान्यात मुलींची नावं, आडव्या ओळीत हे सहा प्रकार, आणि प्रत्येक चौकोनात चूक कोणत्या पायरीवर झाली ते दोन शब्दांत: ‘चिन्ह’, ‘छेद’, ‘सोडून दिलं’. चाळीस पेपरांना दोघांना एक दुपार लागते. याच तक्त्यावरून गट पाडा. नववीच्या अ-ब-क तुकड्या तशाच ठेवल्या तर ज्यांना गरज नाही त्या कंटाळतात आणि ज्यांना आहे त्या गप्प बसतात. गटांना खोलीच्या क्रमांकाने ओळखा. ‘हुशार गट’ हा शब्द एकदा जरी कुणाच्या तोंडून निघाला, तर दुसऱ्या गटातल्या पाच-सहा मुली तिसऱ्या दिवसापासून येत नाहीत.

ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेल्या मुली परत आल्या असतील, तर त्यांची कहाणी निराळी असते. त्यांची पाटी कोरी नसते. दिवाळीनंतरचे सलग काही महिने गळलेले असतात. जूनपासून हंगाम सुरू होईपर्यंत शिकलेलं त्यांना नीट येतं. त्यांना सरसकट खालच्या गटात टाकू नका, कोणती प्रकरणं बुडाली ते विचारून तेवढीच द्या.

गणित: चिन्ह आणि कंस

निम्मा वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. एक उदाहरण जवळून पाहा.

क्ष + य = ७
२क्ष − ३य = −१

पहिल्यावरून य = ७ − क्ष. दुसऱ्यात किंमत घातली की २क्ष − ३(७ − क्ष) = −१. इथे बरोबर उत्तर २क्ष − २१ + ३क्ष = −१, म्हणजे ५क्ष = २०, क्ष = ४, य = ३. पण पुष्कळ मुली २क्ष − २१ − ३क्ष = −१ असं लिहितात. कंसाबाहेरचा उणे त्यांनी पहिल्या पदाला लावला आणि दुसऱ्याला तसाच सोडला. मग −क्ष = २०, क्ष = −२०, य = २७.

गंमत पुढे आहे. बाई म्हणतात ताळा करून बघ. मुलगी पहिल्या समीकरणात किंमती घालते: −२० + २७ = ७. जुळलं! ती निश्चिंत होते. पण य ची किंमत पहिल्या समीकरणावरूनच काढलेली असल्यामुळे तिथे ताळा जुळणारच, क्ष कितीही चुकलेला असो. दुसऱ्यात घातलं तर −४० − ८१ = −१२१ येतं आणि चूक उघडी पडते. म्हणून नियम असा: ज्या समीकरणावरून किंमत काढली, त्यात ताळा करायचा नाही, दुसऱ्यात करायचा. ‘ताळा कर’ एवढं सांगून भागत नाही.

उपाय म्हणून पहिले चार दिवस कंस एका पायरीत सोडवू देऊ नका. आधी (−३) × ७, मग (−३) × (−क्ष), असे दोन गुणाकार वेगळे लिहायचे, त्याखाली बेरीज. संथ वाटतं, हुशार मुली कुरकुरतात. पाचव्या दिवसापासून ज्यांच्या सलग दहा उदाहरणांत चूक नाही, त्यांना ही पायरी गाळायची मुभा द्या. रोज आठ उदाहरणं पुरे. त्यांतली शेवटची दोन मुद्दाम चुकीची सोडवून द्या आणि चूक शोधायला सांगा.

भूमितीत दोनच गोष्टी घ्या: समांतर रेषांचे कोन आणि एकरूपतेच्या कसोट्या. समरूपतेचं प्रकरण या दोहोंवर उभं आहे. आणि एक दिवस फक्त कंपासपेटीचा. स्वस्त कंपासचा स्क्रू सैल असतो, वर्तुळ पुरं होईपर्यंत त्रिज्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते आणि स्पर्शिका वर्तुळाला छेदून जाते. मुलीला वाटतं आपली कृती चुकली. छोटा पेचकस शाळेत ठेवा, पेन्सिल बोटभर लांबीची आणि टोकदार घ्यायला लावा, आणि एकच वर्तुळ तीनदा गिरवून रेघ एकच येते का ते पाहायला सांगा. दोन रेघा आल्या तर कंपास बदला.

विज्ञान: संयुजा हाताने

रासायनिक समीकरण संतुलित न होण्याचं मूळ बहुतेक वेळा नववीतल्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात सापडतं: सूत्रच चुकीचं लिहिलेलं असतं. पाठांतराने हे सुटत नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. संयुजा (म्हणजे दुसऱ्या अणूंशी जुळण्याची क्षमता) १ असेल तर लांबी ३ सेंटिमीटर, २ ला ६, ३ ला ९. धन आयनांच्या पट्ट्या एका रंगाच्या, ऋण आयनांच्या दुसऱ्या. वरच्या ओळीत एक रंग, खालच्या ओळीत दुसरा. दोन्ही ओळींची लांबी सारखी होईपर्यंत पट्ट्या मांडायच्या. ॲल्युमिनिअम ९ चा, ऑक्सिजन ६ चा. दोन्ही ओळी १८ वर जुळतात: ॲल्युमिनिअम दोन, ऑक्सिजन तीन. सूत्र समोर तयार.

पट्ट्यांचा खरा उपयोग मॅग्नेशिअम ऑक्साइडला होतो. संयुजांची तिरकी अदलाबदल करायची सवय लागलेली मुलगी दोन मॅग्नेशिअम, दोन ऑक्सिजन लिहून मोकळी होते. पट्ट्या मांडल्या की एकावर एक लगेच बसते आणि दोन-दोनची गरज नाही हे दिसतं. सल्फेट, नायट्रेट अशा मूलकांची, म्हणजे एकत्रच राहणाऱ्या अणुगटांची, पट्टी मात्र एकच, अखंड ठेवा. गंधक आणि ऑक्सिजन वेगळे कापले की सगळा घोळ होतो. चार मुलींमागे एक संच, प्रत्येक आयनाच्या तीन पट्ट्या.

उरलेल्या दिवसांत एककं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हे रूपांतर न करता सूत्रात ७२ घालणं ही नेहमीची चूक. उदाहरण सोडवण्याआधी ‘दिलेले’ असं लिहून प्रत्येक राशीचं एकक बदलून घ्यायचं, मगच सूत्र.

इंग्रजीत व्याकरणाचे नियम नकोत. रोज दीडशे शब्दांचा एक उतारा, मुलींनी आलटून पालटून मोठ्याने वाचायचा, पाच प्रश्न, आणि त्यांतल्या एकाचं उत्तर तीन वाक्यांत लिहायचं. बस्स.

घरचा अभ्यास वीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. घरी गेल्यावर धाकट्या भावंडांपासून पाण्यापर्यंत सगळं मुलीवर असतं.

मुलींच्या शाळेत न विसरायच्या गोष्टी

सुट्टीत शाळेची टाकी कुणी भरत नाही आणि स्वच्छतागृह बंद असतं. वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी दोन्ही तपासा, कडीसकट. पॅड कार्यालयात नको, स्वच्छतागृहाजवळच्या कपाटात ठेवा, म्हणजे मागावे लागत नाहीत. पाणी नाही म्हणून मुली घरून निघाल्यापासून पीत नाहीत आणि नवाच्या सुमाराला डोकं धरून बसतात. कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो आणि सात वाजता येणाऱ्या बऱ्याच मुली नुसता चहा पिऊन येतात. ८:१० ला माणशी ३० ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅम गूळ द्या: चाळीस जणींना रोज सव्वा किलोच्या आत फुटाणे, ६०० ग्रॅम गूळ. मोड आलेली मटकी कागदावर छान दिसते, पण मे महिन्याच्या उकाड्यात रात्रीची मटकी सकाळी तार सोडते.

एसटीचं आधी बघा. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या बस शाळेच्या दिवसांसाठी असतात. सुट्टीत त्या धावतील असं धरून चालू नका. आगारप्रमुखांना लेखी विचारा, नाही जमलं तर एका गावच्या मुलींनी एकत्र यावं-जावं अशी गावनिहाय यादी करा. सगळ्या मुली फाटकाबाहेर पडेपर्यंत एक शिक्षिका थांबलीच पाहिजे. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती सुट्टीतही जबाबदार आहे. तिच्यातल्या एका सदस्येचा फोन नंबर आणि चाइल्डलाइनचा १०९८ फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलेला असू द्या.

एखादी मुलगी सलग तीन दिवस आली नाही तर फोनवर भागवू नका. फोन बहुधा वडिलांकडे असतो आणि ‘गावाला गेलीय’ एवढंच उत्तर येतं. तिच्या गल्लीतल्या मैत्रिणीला विचारा आणि घरी जा. बहुतेकदा ती खरंच आजोळी असते. पण या महिन्यात बघण्याचे कार्यक्रमही होतात, आणि नववी पास मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते. तसं काही कानावर आलं तर १०९८ ला कळवा. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही त्याच दिवशी सांगा. शाळेने आपल्या पातळीवर समजूत घालण्यात आठवडा घालवू नये.

शेवटचा दिवस आणि जून

अठराव्या दिवशी पहिल्या दिवसाचीच चाचणी, आकडे बदलून. तोच तक्ता, दुसऱ्या रंगाच्या पेनने. ‘सोडून दिलं’च्या जागी ‘चिन्ह’ आलं असेल तर ती प्रगती धरा. मुलगी आता हात घालते आहे. तक्त्याची प्रत दहावीच्या गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांना शाळा उघडण्याआधी द्या, आणि ज्यांच्या नावापुढे अजून तीन किंवा अधिक चौकोन भरलेले आहेत त्यांना जूनमध्ये शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास लावून घ्या. पट्ट्यांचे संच रबरबँड लावून प्रयोगशाळेत ठेवा, संतुलनाचा धडा आला की लागतात.