पायरॉक्सिकॅम पाण्यात विरघळेना, मग बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने काम झालं

एम फार्मच्या प्रोजेक्टला पायरॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) घेतलेलं. डिझोल्यूशनला (औषध किती वेगाने विरघळतं ती चाचणी) टाकलं की पावडर नुसती वर तरंगायची. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या रेणूंचं कडं, आत पोकळी असलेलं) नुसतं मिसळून थोडाच फरक पडला, कारण औषधाचा रेणू त्याच्या पोकळीत जायला तर हवा ना, शेजारी बसून काय उपयोग.

मग नीडिंग केलं. खलात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घेऊन पाणी-अल्कोहोलचं मिश्रण थोडं थोडं घालत कणकेसारखा गोळा केला, त्यात औषध घालून हात दुखेपर्यंत घोटलं, ओव्हनमध्ये सुकवून चाळलं. यावेळी डिझोल्यूशन चांगलंच वाढलं. डीएससीत (पदार्थ तापवत नेऊन तो कधी वितळतो ते दाखवणारी चाचणी) 200 अंशांच्या आसपासचा वितळण्याचा पीक जवळपास गेला, पण फिजिकल मिक्शरचा (नुसत्या मिसळलेल्या पावडरचा) ग्राफ शेजारी ठेवूनच बघा नाहीतर फसाल. आणि पावडर पिवळी दिसली म्हणून कॉम्प्लेक्स (औषध पोकळीत बसून झालेली जोडी) झालं असं धरू नका हां, पायरॉक्सिकॅमचं हायड्रेटपण (पाण्याचे रेणू धरलेलं रूप) पिवळंच असतं.

औषध आणि बीटाचा रेशो मी 1:2.5 मोलर (रेणूंच्या संख्येत) ठेवला, बाजारातल्या पायरॉक्सिकॅम-बीटाडेक्सचाही (बीटाडेक्स म्हणजे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच) तोच आहे. तोटा म्हणजे वजन. 20 मिग्रॅ औषधासाठी कॉम्प्लेक्स होतं 191 मिग्रॅच्या आसपास, म्हणजे ज्याचा डोस 400-500 मिग्रॅ आहे त्या औषधाला हा मार्ग विसरा, गोळी गिळणार कोण?

इंजेक्शन करायचं असेल तर साधं बीटा नको, किडनीला घातक. तिथे हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा किंवा सल्फोब्युटिल इथर बीटा ही त्याचीच बदललेली रूपं वापरतात, महाग पडतं पण पाण्यात भरपूर विरघळतं, साधं बीटा 25 अंशांना लिटरमागे जेमतेम 18.5 ग्रॅम.