फोटोला माउंट बोर्ड निवडताना

जुनी फ्रेम उघडली की आधी माउंटच्या (फोटोभोवतीच्या, मध्ये खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याच्या) खिडकीची तिरकी कड बघा. ती तपकिरी पडली असेल आणि फोटोवरही तशीच चौकोनी रेघ उमटली असेल, तर बोर्ड साध्या लाकडी लगद्याचा आहे. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला एक नैसर्गिक घटक, हळूहळू आम्ल तयार करतं आणि ते फोटोत उतरतं.

दुकानात 'ॲसिड-फ्री' एवढं ऐकून बोर्ड घेऊ नका. साध्या लगद्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलं की आम्ल काही वर्षं दबतं, लिग्निन तिथंच राहतं. आम्लता तपासायचं पीएच पेनही इथं कामाचं नाही. ते आजचं आम्ल दाखवतं, उद्याचं नाही. घ्यायचा तो शंभर टक्के कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा), नाहीतर लिग्निन काढलेला अल्फा-सेल्युलोज (शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा). शिवाय 'पीएटी' (फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट) पास आहे का, हे विचाराच. आयएसओ 18916 ची ही चाचणी खास फोटोसाठी आहे: 70 अंश सेल्सियस आणि 86 टक्के आर्द्रतेत 15 दिवस. आम्ल अजिबात नसलेला बोर्डसुद्धा रंगामुळे किंवा गोंदामुळे नापास होतो, म्हणून काळ्या आणि रंगीत बोर्डाबाबत जास्त चौकशी करा.

बफर्ड (कॅल्शियम कार्बोनेटसारखी अल्कली घातलेला) की अनबफर्ड (ती न घातलेला)? सिल्व्हर जिलेटिनच्या कृष्णधवल प्रिंटला बफर्ड चालतो. सायनोटाइपला (निळ्या रंगाच्या जुन्या पद्धतीच्या प्रिंटला) मात्र बफर्ड कधीच लावू नका, अल्कलीने त्याचा निळा रंग उडतो. हाताखाली सगळ्याच प्रकारचे प्रिंट येत असतील तर अनबफर्ड रॅग ठेवलेला बरा.

जाडी 4 प्लाय (थर), म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. काच आणि प्रिंट यांच्यात तेवढंच अंतर राहतं. हे अंतर नसेल तर कोकणातल्या पावसाळ्यात प्रिंटवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो, आणि मग फोटो फाटल्याशिवाय सुटत नाही. मोठा प्रिंट दमट हवेत फुगतो, त्याला 8 प्लाय द्या.

8×10 इंची प्रिंटला खिडकी चारी बाजूंनी 3 मिलिमीटर आत, म्हणजे 197×248 मिलिमीटर कापा. खालची पट्टी वरच्यापेक्षा सेंटिमीटरभर रुंद ठेवा, नाहीतर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. फायबर प्रिंट (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरचा) फक्त वरच्या कडेला कोझो या जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगा. चारी कडा चिकटवल्या तर हवेबरोबर फुगायला जागा उरत नाही आणि सुरकुत्या पडतात. आरसी प्रिंटला (प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावरच्या) पॉलिएस्टरचे कोपरेच बरे. सेलोटेप आणि दुतर्फा टेप नको.

मागचा बोर्डही त्याच प्रतीचा हवा. त्यामागे फ्रेमवाला हार्डबोर्ड लावणारच असेल, तर मध्ये पॉलिएस्टर फिल्म घालायला सांगा.